साखरेची वही

मधुमेहाबरोबर जगणाऱ्या माणसाचा दिवस निकालाने सुरू होतो. चहा अजून उकळायचा असतो, देवापुढे दिवा लागायचा असतो, आणि बोटाच्या टोकाला सुई टोचून झालेली असते. पट्टीने थेंब ओढून घेतला की यंत्र काही सेकंद गप्प राहतं. तेवढ्यात माणूस काल रात्रीच्या ताटाची उजळणी करून घेतो. भात किती होता, दुसरी पोळी घेतली का, ओटा आवरताना चिक्कीचा एक तुकडा तोंडात गेला होता का. आकडा उमटायच्या आत खटला उभा राहिलेला असतो आणि बहुतेक वेळा शिक्षाही ठरलेली असते.

आकडा तसा साधा आहे. एक डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर, एवढंच तो सांगतो. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक, १२६ किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा येऊ लागला तर मधुमेह. त्याला पाप-पुण्य ठाऊक नाही. ते आपण त्याच्यावर चढवतो. माझ्या आत जी बाई रोज सकाळी हा निकाल वाचून दाखवते, ती माझ्याआधी उठलेली असते. ‘एवढं कळत असून’, ‘जिभेवर ताबा नाही’, ‘आता भोग’ अशी तिची वाक्यं ठरलेली आहेत. तिच्या आवाजात सासरच्या एका आत्येसासूबाईंचा सूर आहे, शाळेतल्या शिवणाच्या बाईंचा आहे, आणि बराचसा माझ्या आईचा आहे. आई मात्र हे कधीच मला म्हणाली नाही. ती स्वतःला म्हणायची. मी फक्त शेजारी बसून ऐकत मोठी झाले.

पहाटेच्या साखरेचं गणित मला फार उशिरा कळलं. रात्री नुसतं ताक पिऊन झोपलेल्या माणसाचीही सकाळची साखर १५० दिसू शकते. पहाटे तीन-चारच्या पुढे शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन अशी संप्रेरकं वाढतात आणि त्यांच्या सांगण्यावरून यकृत आपल्याकडची साखर रक्तात सोडतं. उठल्यावर चालायला, बोलायला, पाणी भरायला बळ हवं म्हणून. निरोगी माणसाचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं. आमचं थकलेलं असतं, त्याला जमत नाही. डॉक्टर याला ‘डॉन फिनॉमेनन’ म्हणतात. हे समजलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बसून राहिले. अंधारात माझं यकृत माझ्या उठण्याची तजवीज करत होतं, आणि मी उठल्या उठल्या स्वतःला चोर ठरवत होते. त्यात आणखी एक गोष्ट. भीती, चिडचिड, मनाला लागलेली टोचणी यांनीही हीच संप्रेरकं वाढतात. स्वतःवर डाफरल्याने साखर उतरल्याचं कोणी पाहिलेलं नाही. चढू मात्र शकते.

दर तीन महिन्यांनी मी ज्या दवाखान्यात जाते, तिथल्या बाकावर बसून मला माणसं जेवढी कळली तेवढी दुसरीकडे कुठे क्वचितच कळली असतील. दार उघडून आत जाणारी बाई खुर्चीत टेकायच्या आत बोलायला लागते. ‘डॉक्टर, घरात लग्न होतं.’ ‘गणपती झाले ना.’ ‘माहेरी गेले होते, भावजयीने आग्रह केला.’ समोरच्या माणसाने अजून काही विचारलेलंही नसतं. फाइल मिटलेली असते. पुरुष बायकांइतकं बोलत नाहीत, पण फाइल छातीशी धरून ‘आता अगदी बंद करतो’ एवढं एकच वाक्य ते अशा आवाजात म्हणतात की ऐकणाऱ्याला मान खाली घालावीशी वाटते. साठी उलटलेली, नातवंडांची, हयातभर मिळवून घर चालवलेली ही माणसं. त्यांना असं अपराध्यासारखं उभं राहिलेलं पाहून मला फार वाईट वाटतं.

डॉक्टरांनी प्रत्येकाला एक वही करायला सांगितलेली असते. तारीख, वेळ, आकडा. काही जण ती वर्तमानपत्राचा कागद घालून नीट ठेवतात. पण वह्या उघडल्या की मधली पानं कोरी दिसतात. दिवाळीचा आठवडा कोरा. आंब्याचे दिवस कोरे. माझ्या शेजारी बसलेली एक बाई एकदा सहज म्हणाली, ‘मी वाईट आकडे लिहीतच नाही. कुणी वाचायचे ते?’ हसून म्हणाली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून गेलेलं नाही. स्वतःला दोष देणं ही शिस्त आहे, असं आपण धरून चाललेलो असतो. टोचून बोललं की माणूस सुधारतो, मग ते बोलणं स्वतःला का असेना. पण त्या कोऱ्या पानांनी मला वेगळंच दाखवलं. जिथे मार बसणार हे ठाऊक असतं, तिथे माणूस जातच नाही. जो आकडा पाहिला की स्वतःची निर्भर्त्सना सुरू होणार, तो आकडा माणूस पाहत नाही. पट्ट्यांची डबी संपते आणि नवी आणायची राहून जाते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करायची असते, कारण तिथली बारीक रक्तवाहिनी खराब होताना दुखत नाही, सांगत नाही. ती तपासणीही पुढे ढकलली जाते. भीती आजाराची असतेच, पण त्याहून मोठी भीती असते ‘सांगितलं होतं ना’ या वाक्याची. आणि ते बहुतेक वेळा बाहेरून येतच नाही.

माझ्या आईचं असंच झालं. तिला चाळिशीतच साखर निघाली. त्यानंतर होळीला चाळीस माणसांचं पुरण तिने शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या, आणि बोटाला लागलेलं पुरणही तोंडात न घालता हात धुतले. हे सगळं तिने प्रायश्चित्त म्हणून केलं. पथ्य पाळतानाही ती स्वतःला माफ करत नव्हती. एका पावसाळ्यात नव्या चपलेने तिच्या पायाला फोड आला. मधुमेहाने नसा बधिरल्या की पायाला टोचलेलं कळत नाही, हे तिला माहीत होतं, मलाही होतं. फोड फुटून जखम झाली तरी तिने ती मोजे घालून झाकली. ‘परत माझ्यापायी सगळ्यांना ताप नको’, असं नंतर म्हणाली. जखम भरता भरता पावसाळा सरला. पाय वाचला. पण त्या जखमेपेक्षा तो मोजा मला जास्त आठवतो. एखादी बाई स्वतःच्या वेदनेचीसुद्धा क्षमा मागते, तेव्हा तिला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

आई आयुष्यभर बारीक होती. ‘एवढीशी बाई, हिला कशी साखर?’ असं लोक तोंडावर म्हणायचे, आणि तिला वाटायचं की आपल्या हातून नक्की काहीतरी लपूनछपून घडलेलं असणार, जे आपल्यालाही आठवत नाही.

तिला एक छायाचित्र दाखवायला हवं होतं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं. त्यात दोन संशोधक शेजारी शेजारी उभे आहेत, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचे. आपल्याकडच्या असंख्य माणसांच्या शरीराची ही घडण आहे, आणि तिचं मूळ शोधत डॉ. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गेले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी शेतात राबणाऱ्या गरोदर बायकांची आणि मग त्यांच्या बाळांची मोजमापं घेतली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेरानं लहान, स्नायूंनी कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. पोटात असताना पुरेसं मिळालं नाही, तर वाढणारा जीव काटकसर शिकतो आणि ती सवय जन्मभर धरून ठेवतो. पुढे त्याच मुलांमध्ये असंही दिसलं की आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षीच मुलाच्या शरीरात इन्सुलिनला विरोध वाढलेला असतो.

माझी आजी माणदेशातली. पाऊस नावापुरता, विहीर खोल, आणि दिवस भरत आले तरी कमरेवर घागर. तिच्या पोटात माझी आई होती तेव्हा तिने काय खाल्लं असेल, याची मी कल्पनाच करू शकते. आईच्या साखरेची गोष्ट तिच्या ताटात सुरू झाली नसेल. ती कदाचित एखाद्या न पिकलेल्या ज्वारीच्या वर्षात सुरू झाली असेल. हे कळून आईची एकही गोळी कमी झाली नसती, भाताची वाटी मोठी झाली नसती. पण ‘माझंच चुकलं’ हे ओझं तरी तिच्या मानेवरून उतरलं असतं. आज भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने सांगितलं आहे. एवढ्या सगळ्यांच्या जिभा एकाच वेळी सैल सुटल्या, हे मला पटत नाही. सुश्रुतसंहितेनेसुद्धा प्रमेहाचे दोन प्रकार मांडले होते. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्याने होणारा. मधल्या शतकांत आपण पहिला प्रकार विसरलो आणि दुसऱ्याचं बोट माणसांवर रोखत राहिलो.

कोणी म्हणेल, आपल्या संतांनीही स्वतःला कमी का बोल लावले आहेत? तुकारामांच्या अभंगांत ते स्वतःला पतित म्हणतात, आपल्या अवगुणांचा पाढा वाचतात. हा प्रश्न मलाही बरेच दिवस छळत होता. मग एका आषाढात वारीच्या वाटेवर उभी असताना, एकमेकांना ‘माउली’ म्हणत पुढे सरकणारी माणसं पाहताना मला काहीतरी उमगलं. संतांचं ते बोलणं कधी एकट्याचं नव्हतं. समोर विठ्ठल होता, आणि तो माउली होता. तक्रार होती, रडणं होतं, आणि जिच्याकडे रडायचं ती कूसही तिथेच होती. धुळीने माखलेलं मूल आईसमोर ‘बघ मी किती मळलोय’ म्हणतं तेव्हा ते घरी आलेलं असतं. आमच्या सकाळच्या खटल्यात फक्त फिर्यादी उरला आहे. माउली कुठे गेली, ते आम्ही विचारलंही नाही.

गौतम बुद्धांच्या वाटेने जाणाऱ्यांनी मात्र याची रीतच घालून दिली आहे. मेत्ता म्हणजे मैत्री, तिची भावना कुठून सुरू करायची हे बुद्धघोषांनी पाचव्या शतकात, श्रीलंकेत लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात सांगितलं आहे. सुरुवात स्वतःपासून. मग आदरणीय माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही तो, आणि शेवटी वैरी. त्यामागचं कारण मला फार आवडतं. मला सुख हवंसं वाटतं, दुःख नको वाटतं, हे मी आधी नीट अनुभवलं तरच दुसऱ्याचंही तसंच असणार हे कळेल. स्वतःला साक्षीदार करून मग बाहेर जायचं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या मौनाच्या शेवटी हीच मैत्री शिकवतात. आपल्याकडे स्वतःचा विचार आधी केला की तो स्वार्थ ठरतो. इथे तो पहिला धडा आहे.

अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाई याच परंपरेतून गेल्या आणि २००३ मध्ये त्यांनी स्वतःबद्दलची करुणा मोजता येईल अशी प्रश्नावली तयार केली. त्या करुणेची तीन अंगं त्या सांगतात. स्वतःशी मायेने वागणं, हे दुःख आपल्या एकट्याचं नाही हे ओळखणं, आणि जे आहे ते न वाढवता, न झाकता पाहणं. पुढे न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी हे नेमकं आमच्याच माणसांवर करून पाहिलं. मधुमेह असलेल्या ६३ जणांपैकी काहींना आठ आठवडे एकत्र बसवून स्वतःशी असं वागण्याचा सराव दिला, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. आहाराचा तक्ता नाही, नवी गोळी नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा सराव केलेल्यांचं नैराश्य कमी झालं होतं, आजाराचा जाच कमी झाला होता, आणि त्यांची एचबीए-वन-सी जवळजवळ एक टक्क्याने उतरली होती. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर सगळा भार टाकावा असं मी म्हणणार नाही. पण ती कोरी पानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचं नवल वाटणार नाही. ज्याला स्वतःच्या आकड्याची भीती उरली नाही, तो आकडा बघायला लागतो, आणि बघितला की मग हातपाय हलायला लागतात.

एचबीए-वन-सी म्हणजे ज्याला सगळे ‘तीन महिन्यांची सरासरी’ म्हणतात ती. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून रक्ताची आठवण तेवढीच. त्यातही गेल्या एका महिन्याचा वाटा निम्म्याच्या आसपास. गेल्या दिवाळीला माझ्या अंगात धावणारी एकही तांबडी पेशी आज जिवंत नाही, आणि मी मात्र त्या दिवाळीतल्या करंजीचा हिशेब अजून मांडून बसलेली असते. डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या इतक्या लवकर विसरत नाहीत, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच काळजी घ्यायची. पण रक्त रोज नवं होत असताना मनाने शिळं धरून का बसावं?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचा नाशिकहून फोन आला. सहावा महिना सरत आला होता, तपासणीत साखर निघाली होती. ती रडत होती. ‘मावशी, मी आंबे खात होते गं. माझ्यामुळे बाळाला काही होईल का?’ मी तिला म्हटलं, ‘आधी बस. पाणी घे. आता ऐक. बाळाला साखर नीट पोचावी म्हणून वारेतून निघणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. सगळ्याच बायकांचं होतं. काहींचं शरीर ते भरून काढतं, काहींचं कमी पडतं. यात तू वाईट आई कुठून झालीस? आज रात्री नीट जेव, उपाशी झोपू नकोस. उद्या डॉक्टरांकडे जा, वही कर. जो आकडा येईल तो लिही. मोठा आला तर मला फोन कर, पण लपवू नकोस.’ फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. एवढं सगळं मला कुठून आलं? एकही टोचणारा शब्द नव्हता, आणि एकही पथ्य सुटलं नव्हतं. मग ओळख पटली. हा सूर आईचाच होता. घरातल्या प्रत्येकाला, शेजारच्या सुनेला, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना, ताप आलेल्या मला ती अशीच म्हणायची. ‘अगं, बस जरा. होतं असं.’ तिच्याकडे मायेचं भांडार होतं, आणि त्यातली एक वाटी तिने कधी स्वतःच्या पानात वाढून घेतली नव्हती.

आता सकाळी आकडा मोठा आला की मी मोठ्याने म्हणते, ‘अगं, बस जरा.’ पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आवाज घशात अडकला आणि डोळे भरून आले. अजूनही काही सकाळी ती दुसरी बाई आधी बोलून जाते. तिला मी हाकलत नाही. तीही घाबरलेलीच आहे, माझा पाय जाऊ नये, डोळे जाऊ नयेत म्हणून ओरडते आहे, हे मला आता दिसतं. तिचं बोलून झालं की मी वही उघडते. आकड्याशेजारी मी आणखी एक रकाना आखला आहे. झोप किती झाली, कशाची चिंता होती, किती चालले. भाताची वाटी मी मोजूनच घेते, जेवल्यावर चालायला जाते, गोळी चुकवत नाही. आंब्याच्या दिवसांत दोन फोडी खाल्ल्या तर दोन तासांनी तपासते आणि जे येईल ते लिहिते. पथ्य तेच आहे. ते आता जिवासाठी आहे, शिक्षेसाठी नाही, आणि म्हणून दिवाळीच्या आठवड्यातही माझ्या वहीत आकडे असतात. त्यातले काही बरेच मोठे आहेत. डॉक्टरांनी ते पाहिले, रात्रीच्या गोळीची वेळ बदलली, आणि आम्ही दोघांनी पुढच्या तीन महिन्यांचं बोलून घेतलं.

दवाखान्यातली, वाईट आकडे न लिहिणारी ती बाई मला पुन्हा भेटेल. तारखा जुळतात आमच्या. या वेळी मी तिच्या शेजारी जाऊन बसणार आहे, माझी वही तिच्या मांडीवर उघडून ठेवणार आहे, २४८ लिहिलेलं पान काढून. आणि म्हणणार आहे, ‘ताई, तुमचीही दाखवा. कोरी पानं असली तरी दाखवा. तिथे काय होतं ते आपण दोघी मिळून आठवू.’